एक काटापट्टी, पाच वह्या

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो. इथून एक रस्ता परतूरकडे फुटतो. सोयाबीनची काढणी उरकली की फाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि काट्याजवळ उभ्या माणसाला दुपारच्या जेवणालाही सवड मिळत नाही. इथल्याच एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात गेले तीन हंगाम मी एक काम करतो आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे एका चुकीची हकीकत येणार आहे. ती चूक माझी होती, पण नाव लिहिलं तर ते कंपनीला चिकटेल.

शेतकरी माल घेऊन येतो, कट्टे काट्यावर चढतात आणि एक काटापट्टी फाटते. नाव, गाव, कट्टे, वजन, ओलावा, भाव, एवढाच तिचा ऐवज. पण ही एक चिठ्ठी पूर्वी पाच ठिकाणी उतरवली जायची. खरेदीच्या वहीत, साठ्याच्या वहीत, सभासदाच्या खात्यावर (कारण जूनमध्ये त्यानं बियाणं आणि खत उधारीवर नेलेलं असतं, ती उचल वळती करायची असते), बँकेत द्यायच्या यादीत, आणि शेवटी शेतकऱ्याला फोनवरून तोंडी. दिवसाला साठ ट्रॉल्या आल्या तर तीनशे नोंदी. घाईत लिहिलेला १ आणि ९ एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही. आमचे मुनीमकाका दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत रात्री अकराला घरी जायचे, आणि तरी फरक निघायचाच.

या पाचही वह्यांसाठी लागणारी सॉफ्टवेअरं आज फुकट आणि खुली मिळतात. हिशेब, खरेदी आणि साठा यांसाठी आम्ही घेतलं ते ईआरपीनेक्स्ट तर मुंबईचंच. फ्रॅपे या कंपनीचं. ती २००८ साली रुषभ मेहता यांनी सुरू केली. त्याचा उगम घरच्या व्यवसायासाठी हिशेबाची प्रणाली उभी करताना आलेल्या अडचणींत आहे, ही गोष्ट त्या वर्तुळात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याचा मूळ संगणकीय मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, स्वतःच्या यंत्रावर चालवता येतो. कागदपत्रं ठेवायला नेक्स्टक्लाउड आहे. प्रश्न उरतो तो या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं करण्याचा.

आपल्याकडे याचा रूढ मार्ग असा की छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याचा एखादा हुशार मुलगा गाठायचा. तो आठ दिवसांत एक प्रोग्रॅम लिहून देतो, ते छान चालतं, मग त्याला हैदराबादला नोकरी लागते आणि पुढच्या हंगामात तो फोन उचलत नाही. त्यानं लिहिलेलं त्याच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. म्हणून आम्ही सुरुवातीलाच एक अट घातली: जे काही जोडायचं ते प्रोग्रॅम न लिहिता, आणि पडद्यावर असं दिसलं पाहिजे की मुनीमकाकांना बोट ठेवून वाचता यावं.

ही इच्छा नवी नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एक टिपण लिहिलं. बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा पुढचा तुकडा फिरवून जोडता येतो, तसे प्रोग्रॅमही एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. ते प्रत्यक्षात यायला १९७३ उजाडलं. केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’ बसवला. आमच्या भागात ज्यानं तुषार संच अंथरला आहे त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पाइप एका कंपनीचा, नोझल दुसऱ्याचं. मधल्या कपलरची खाच जुळली की पाणी पुढे जातं. खाच जुळली नाही तर चिंध्या गुंडाळायच्या. माहिती-तंत्रज्ञानातलं बरंचसं काम अजूनही चिंध्या गुंडाळण्याचंच आहे, हे माझं मत या तीन वर्षांत पक्कं झालं.

आणि याहूनही मागे जायचं तर कीर्द-खतावणी हीसुद्धा जोडणीच. कीर्दीत दिवसाची नोंद, तिथून खतावणीत नावानिशी उतारा, आणि उतारा झाला की कीर्दीतल्या ओळीपुढे बरोबरची खूण. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर परंपरेनं मोडी लिपीच्या प्रसाराचं आणि ‘मेस्तका’चं श्रेय टाकलेलं आहे. मेस्तक म्हणजे दफ्तर कसं ठेवावं, हिशेब कसा मांडावा याची पद्धत. त्यातलं इतिहास किती आणि परंपरा किती हा वेगळा वाद. पण एका वहीतून दुसरीत माहिती नेण्याचे नियम लिहून ठेवावे लागतात, ही समज या मुलखात जुनी आहे. ती बरोबरची खूण लक्षात ठेवावी. पुढे तिनंच आम्हाला वाचवलं.

ईआरपीनेक्स्ट ज्या चौकटीवर उभं आहे तिच्यात स्वतःचा नमुना बनवता येतो. रकान्याचं नाव लिहायचं, प्रकार निवडायचा, झालं. आम्ही ‘काटापट्टी’ नावाचा सात रकान्यांचा नमुना केला, कारण मूळ खरेदीच्या पडद्यावरचे रकाने पाहून काट्यावरचा मुलगा घाबरला होता. या प्रणालीत नोंद आधी कच्ची असते आणि एक बटण दाबलं की पक्की होते. पक्की नोंद खोडता येत नाही, रद्द करून नवी करावी लागते. हे मुनीमकाकांना फार आवडलं. खाडाखोड नसलेली वही, म्हणाले.

नोंद पक्की होताच प्रणालीनं बाहेर हाक मारायची, या सोयीला ‘वेबहुक’ म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत एक प्रोग्रॅम दुसऱ्याला थोड्या थोड्या वेळानं विचारत राहतो, ‘काही नवीन आलं का?’ वेबहुकमध्ये उलटं: घडलं की मीच सांगतो, तुझा पत्ता देऊन ठेव. पत्ता कुठला द्यायचा, कोणत्या घटनेला द्यायचा आणि सोबत कोणते रकाने पाठवायचे, एवढं एका पडद्यावर भरलं की काम झालं.

ही हाक ऐकणारा मध्यस्थ म्हणून आम्ही ‘एनएटएन’ बसवलं. नाव विचित्र आहे. ‘नोडमेशन’ या शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या ‘एन’मध्ये रोमन लिपीत आठ अक्षरं येतात म्हणून मध्ये आठ. बर्लिनच्या यान ओबरहाउझर यांनी ते २०१९ मध्ये आणलं. ते आधी चित्रपटांच्या दृश्य-करामतींच्या क्षेत्रात होते. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. पहिला चौकोन हाक ऐकतो, दुसरा सभासद शोधतो, तिसरा खरेदीची नोंद करतो, चौथा निरोप धाडतो. मुनीमकाका रेघेवर बोट फिरवत म्हणाले, “म्हंजे आपला शिरस्ताच की.”

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. एनएटएन स्वतःच्या यंत्रावर फुकट चालवता येतं आणि त्याचा मजकूरही उघडा आहे, पण ते काटेकोर अर्थानं मुक्त स्रोत नाही. स्वतःच्या व्यवसायात वापरा, पण त्याचीच सेवा करून इतरांना विकू नका, अशी त्याच्या परवान्याची धाटणी आहे. आमच्यासारख्याला त्यानं अडत नाही. ज्याला हा फरक खुपतो त्याच्यासाठी नोड-रेड आहे. ते २०१३ मध्ये आयबीएमच्या दोघा अभियंत्यांनी केलं आणि अपाची परवान्याखाली पूर्ण खुलं आहे. यंत्रांशी बोलायला ते अधिक सरस, दफ्तरी कामाला थोडं अवघड.

पहिल्या हंगामात दुसऱ्याच दिवशी दुपारी गोंधळ झाला. गोदामात चारशेच्या आसपास कट्टे आणि पडद्यावर सहाशेच्या वर. एका शेतकऱ्याचा फोन आला, “दादा, तीन येळा निरोप आलाय. तीन येळा पैशे देता का काय?” माझी पहिली शंका काट्यावरच्या मुलावर गेली आणि मी त्याला बोललोही. नंतर माफी मागावी लागली.

कारण असं होतं. ईआरपीनेक्स्टनं हाक मारली की ते उत्तरासाठी थांबतं, पण फार नाही. ठरावीक मुदत पाच सेकंदांची. तेवढ्यात पोच आली नाही तर ते समजतं की हाक पोहोचली नाही, आणि पुन्हा मारतं, एकूण तीनदा. मी एनएटएनला सांगून ठेवलं होतं की सगळे चौकोन पूर्ण झाल्यावरच पोच दे. सगळ्यात शेवटचा चौकोन निरोपाचा आणि फाट्यावरचं इंटरनेट दुपारी रडतखडत चालणारं. म्हणजे खरेदीची नोंद व्हायची, निरोप जायला सात-आठ सेकंद लागायचे, पोच उशिरा पडायची, तोवर दुसरी हाक येऊन नवी नोंद सुरू झालेली असायची. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर होती.

पोस्टात रजिस्टर्ड पत्राची पोच आली नाही म्हणून तेच पत्र पुन्हा पाठवण्यात गैर काही नाही. दुसरं पत्र घेणाऱ्यानं म्हणावं, हे मला मिळालं आहे. आम्ही दोन बदल केले. पोच ताबडतोब द्यायची, काम मागून करायचं. आणि खरेदीच्या नमुन्यात ‘काटापट्टी क्रमांक’ हा रकाना वाढवून त्यापुढे ‘एकमेव’ अशी खूण केली. आता तोच क्रमांक पुन्हा आला की प्रणाली नोंद नाकारते. एका ओळीचाही प्रोग्रॅम लागला नाही. पण ही खूण करायची असते हे कळायला दोनशे खोटे कट्टे लागले.

निरोपाचा प्रश्न वेगळ्याच भिंतीवर जाऊन आदळला. टेलिग्रामवर निरोप पाठवणं या साधनांतून अगदी सोपं, पण आमच्या सभासदांत टेलिग्राम वापरणारे बोटावर मोजण्याइतके. व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडे, पण व्यवसायासाठीचे निरोप अधिकृत वाटेनं धाडायचे तर मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि पैसे पडतात. चोरवाटा आहेत, त्यात एक दिवस नंबरच बंद होतो, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. उरला साधा एसएमएस. दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीमुळे पाठवणाऱ्या संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या प्रत्येक साच्याची आधी नोंदणी लागते. ते रास्तच आहे, नाहीतर फसव्या निरोपांना आळा कसा बसणार. पण चौकोन आणि रेघा मांडून ही नोंदणी होत नाही. त्याला कागद, शिक्के आणि वाट पाहणं लागतं. शिवाय इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘क्विंटल’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, यंत्राला तो सात जागांचा. मराठीत निरोप द्यायचा तर दुप्पट पैसे, असा हा हिशेब. संचालक मंडळात यावर चर्चा झाली. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, इंग्रजीत पाठवला तर तो वाचायला पुन्हा पोरालाच बोलवावं लागेल. मराठीच ठरली, मजकूर मात्र तारेसारखा केला.

इंटरनेट दोन-दोन तास गेलं तर काय? एनएटएनमध्ये ‘फसलं तर पुन्हा प्रयत्न कर’ अशी सोय आहे, पण ती काही सेकंदांच्या अंतरानं जास्तीत जास्त पाच प्रयत्न करते. शहरातल्या क्षणिक अडथळ्याला ते पुरतं, वाटूरच्या दुपारला नाही. इथे मुनीमकाकांची बरोबरची खूण कामी आली. त्यांनी विचारलं, “निरोप गेला का न्हाई, हे कुठं लिवलंय?” कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग काटापट्टीत एक रकाना वाढवला, ‘निरोप गेला’. दर पंधरा मिनिटांनी एक चौकोन उठतो, ज्या पट्ट्यांपुढे खूण नाही त्या गोळा करतो, निरोप पाठवतो, यश आलं तरच खूण करतो. वीज जावो, इंटरनेट जावो, यंत्र बंद पडून दुसऱ्या दिवशी सुरू होवो, शिल्लक काम वहीत दिसतं. घटना घडताच धावणारी जोडणी दिसायला देखणी असते. आमच्यासारख्या ठिकाणी वही पाहून चालणारी जोडणी टिकते, असा माझा अनुभव आहे.

एक गंमतीची चूक सांगतो. रोज रात्री आठला दिवसाचा गोषवारा संचालकांना जावा अशी योजना केली, आणि तो पहाटे साडेपाचला यायला लागला. एनएटएन स्वतः बसवलं आणि वेळेचा विभाग सांगितला नाही, तर ते न्यूयॉर्कची वेळ धरतं. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपली पहाट. ते कळूनही हंगामाच्या धांदलीत दुरुस्त करायचं राहिलं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोषवारा अचानक साडेसहाला आला, कारण अमेरिकेनं आपली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे घेतली होती. न्यूयॉर्कच्या घड्याळाचा वाटूरच्या सोयाबीनशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी उत्तर आहे.

आता ती चूक. काट्यावर घाई असते म्हणून मी सभासदाचं नाव मोकळं टाइप करायची मुभा ठेवली होती. एनएटएनचा दुसरा चौकोन ते नाव सभासदांच्या यादीत शोधायचा आणि जो पहिला सापडेल तो घ्यायचा. यादीत एकाच नाव-आडनावाचे दोघे होते, फरक फक्त वडिलांच्या नावाचा, गावं शेजारशेजारची. काट्यावरच्या मुलानं वडिलांचं नाव लिहिलं नाही. १४ क्विंटल ६० किलो, भाव ४,३५० रुपये, रक्कम ६३,५१० रुपये. ती दुसऱ्याच्या खात्यावर चढली, त्याच्या बँक खात्यासह यादीत गेली आणि पैसे जमा झाले. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नाव जुळतं का हे बघून नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहायची सोय बँकांनी दिली आहे, पण आमच्या बाबतीत नावही तेच निघालं असतं!

ज्याचे पैसे होते तो माणूस नऊ दिवस फेऱ्या घालत होता. त्याच्या घरी मुलीच्या दवाखान्याचा खर्च होता, हे मला नंतर कळलं. आम्ही त्याला पडदा दाखवून सांगत होतो की रक्कम गेली आहे, आणि पडदा खोटं बोलत नव्हता. हातानं लिहिलेली वही असती तर मुनीमकाकांनी त्याच्या तोंडाकडे पाहून चूक ओळखली असती. ते दोघांनाही ओळखतात. चौकोन कुणाला ओळखत नाही. शेवटी दुसऱ्या गावचे गृहस्थच पासबुक घेऊन आले. “माझं सोयाबीन अजून उभंय, हे कशाचं आलं?” असं विचारत. पैसे त्यांनी त्याच दिवशी परत केले.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. नाव मोकळं लिहायचं नाही, सभासद क्रमांक निवडायचा. निवडला की वडिलांच्या नावासह आणि गावासह पूर्ण नाव समोर येतं आणि काट्यावरचा मुलगा ते मोठ्यानं वाचतो. मराठी नावांचा आणखी एक पेच यात आपोआप सुटला. ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरं दोन फोनांवर दोन तऱ्हांनी टाइप होतात, डोळ्याला सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात.

बँकेची यादी मात्र आम्ही अजून आपोआप जाऊ देत नाही. आमच्या व्यवहाराच्या आकाराला बँक थेट जोडणी देत नव्हती, तेव्हा मला ते अडचणीचं वाटायचं. आता ती तूट मुद्दाम ठेवली आहे. रोज संध्याकाळी यादीची फाइल तयार होते, मुनीमकाका ती छापून घेतात, प्रत्येक ओळीपुढे लाल पेनानं खूण करतात आणि मगच ती बँकेच्या संकेतस्थळावर चढते. सरकारी हमीभाव खरेदीच्या संकेतस्थळावरही नोंदी अजून हातानंच कराव्या लागतात. तिथे आम्हाला वाट उघडी नाही.

कोडविना म्हणजे शंभर टक्के कोडविना का? तसं म्हणता येणार नाही. बारदानाचं वजन वजा करून भावानं गुणायचं तर एक ओळीचं सूत्र लिहावंच लागतं, आणि सूत्र हा लहानसा प्रोग्रॅमच असतो. एनएटएनमध्ये एक रिकामा चौकोन असतो, ज्यात हवा तेवढा कोड लिहिता येतो. मोह होतो. सहा चौकोनांचं काम दहा ओळींत होतं. पण त्या दहा ओळी फक्त मला वाचता येतील आणि मग हैदराबादच्या मुलात आणि माझ्यात फरक राहणार नाही. एकदा मी तसं केलं होतं. पुढच्या आठवड्यात मला स्वतःलाच त्याचा अर्थ लावायला अर्धा तास लागला. काढून टाकलं.

हे सगळं चालतं ते गोदामाच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर, इन्व्हर्टरच्या आधारानं. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी काटा आणि कचेरी यांच्यात तार आहे, काम थांबत नाही. स्वतःच्या यंत्राचा हा सगळ्यात मोठा फायदा. मासिक भाडं वाचतं ते त्यानंतर. तोटाही त्याच जागी आहे. प्रणाली ठरावीक तासांनी आपली प्रत काढून ठेवते, पण त्याच डिस्कवर. डिस्क गेली तर प्रतही गेली. म्हणून कचेरी बंद करताना प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची आणि पेनड्राइव्ह मुनीमकाकांच्या पिशवीत घरी जायचा, असा नियम आहे. पिशवीत जेवणाचा डबाही असतो. एकदा ताक सांडलं होतं. तेव्हापासून दोन पेनड्राइव्ह आणि दोन पिशव्या.

या हंगामात काट्याचा आकडा थेट काटापट्टीत उतरावा असा बेत आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या मागे नऊ पिनांचं तोंड असतं, त्यातून वजन अक्षरांच्या माळेसारखं बाहेर पडत राहतं आणि नोड-रेड ते वाचू शकतं. १ आणि ९ यांचा घोळ तिथेच संपेल. केबल परतूरला मिळाली नाही, जालन्याहून मागवली आहे. ती आली की पहिले आठ दिवस मुलगा हातानंही वजन लिहील आणि संध्याकाळी दोन्ही आकडे मुनीमकाका ताडून पाहतील.